माझा टप आणि तात्यांची झोप

मी टेंपो बोलतोय. हसताय? हसा. टेंपो कधी बोलतो का, असं ज्यांना वाटतं त्यांनी भरलेला टेंपो चढाला लागला की एकदा ऐकावा. आम्ही तेव्हा काय काय बोलतो आणि ड्रायव्हर आम्हाला उलट काय काय बोलतो, ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं, एवढंच.

सध्या माझा मुक्काम दिंडोरीजवळ, एका द्राक्षबागेच्या बांधावर, बाभळीखाली. चाकांत हवा नाही. एक दिवा फुटलाय. ड्रायव्हरच्या सीटवर एक तांबडी कोंबडी अंडी घालते. मी तिला काही म्हणत नाही, कारण ती कुणाचंच ऐकत नाही. जाणारे-येणारे माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "भंगार." असेन बाबा भंगार! पण राजस्थान बघून आलेलं भंगार आहे. आख्ख्या तालुक्यात गाढवं बघायला रांगेत उभा राहिलेला दुसरा टेंपो दाखवा, मी आत्ता इथून उठून जातो. म्हणजे, कुणी धक्का मारला तर.

एक्क्याण्णव साली मी कारखान्यातून निघालो. अंगावर निळा रंग, कपाळावर सप्तशृंगीचं नाव. सावळीरामतात्यांनी मला घरी आणलं तेव्हा त्यांची बायको नवसाबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभी. तिने मला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. एक माणूस सोडून. तात्या वर बघत होते.

"अगं, आभाळ आल्यासारखं वाटतंय का गं?"

"अहो, नवा टेंपो आलाय दारात! त्याच्याकडं बघा की!"

तिथेच मी ओळखलं, की या घरात आपला नंबर दुसरा. पहिला नंबर आभाळाचा.

तात्यांचाही इलाज नव्हता. द्राक्षाचं पीक म्हणजे नखरेल काम. वर्षभर वेलीला पोरीसारखं जपायचं, फवारण्या करायच्या, घड विरळ करायचे आणि माल तोडायला आला की नेमकं ढगाने तोंड काढायचं. एक सर आली की मणी तडकतात. म्हणून तात्यांची मान कायम वर. लग्नात अक्षता टाकताना वर. पंगतीत जेवताना वर. एकदा सासरेबुवांच्या दहाव्याला सगळे कावळ्याकडे बघत होते, तर तात्या कावळ्याच्या मागच्या ढगाकडे.

पहिल्याच हंगामात नाशिकच्या मार्केटला जाताना वाटेत सर आली आणि माझ्या पाठीवरचे क्रेट भिजले. दुसऱ्या दिवशी तात्यांनी मला चिमाजी वेल्डिंगवाल्याकडे नेऊन उभं केलं. "ह्याला पत्र्याचा टप टाक. चारी बाजूंनी पन्हळ काढ. पाण्याचा थेंब आत आला तर तुला सोडणार नाय." चिमाजीने आठवडाभर ठोकाठोक केली. टप बघून तो स्वतःच म्हणाला, "तात्या, हा टेंपो हाय का मंगल कार्यालय?"

टप झकास झाला. माल कधी भिजला नाही. पण एक भानगड झाली. पत्र्यावर थेंब पडला की असा काही वाजायचा, की बागेच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. मी घराच्या भिंतीला लागून उभा असायचो. टपावर एक 'टण्' झालं की तात्या अंथरुणातून उठून अंगणात. बऱ्याचदा तो थेंब नसायचाच. चिमणी असायची. एकदा तर शेजारच्या लिंबाची निंबोळी पडली आणि तात्यांनी सगळ्या घराला उठवून क्रेटवर कागद, म्हणजे ताडपत्र्या, टाकायला लावले.

अशी वर्षं गेली. मुलगा ज्ञानेश मोठा झाला, त्याचं लग्न झालं, भाग्यश्री सून म्हणून आली. तात्यांची झोप मात्र काही आली नाही. डोळे लाल, चिडचिड, रक्तदाब. गावचे डॉक्टर म्हणाले, "तात्या, गोळी मी देतो, पण झोप कुठून देऊ? तुम्ही झोपला नाहीत तर एक दिवस कायमचे झोपाल." डॉक्टर गमतीनेच बोलले, पण नवसाबाईचा चेहरा उतरला. घरी येताना ती माझ्यात पुढच्या सीटवर बसली होती आणि पदराने डोळे पुसत होती. तात्यांना दिसलं नाही. ते काचेतून ढग बघत होते.

त्या दिवसापासून नवसाबाईने एकच ध्यास घेतला. ह्या माणसाला एकदा तरी पोटभर झोपलेलं बघायचं.

आता दोन हजार चार सालची गोष्ट. आमच्याकडे तेव्हा द्राक्षाची दारू गाळणारे कारखाने निघाले होते आणि ते बघायला गोरे पाहुणे येत. एक गोरं जोडपं आमच्या बांधाशी येऊन थांबलं. त्यांची गाडी बघून माझा तर जीवच जळला. आत पलंग! स्टोव्ह! खिडकीला पडदे! नवसाबाईने त्यांना द्राक्षं दिली, त्या बाईने हिला गाडीतच चहा करून पाजला आणि फोटो दाखवले. नुसती वाळू. वर कोरं करकरीत आभाळ, एक ढग नाही. राजस्थानातलं होतं म्हणे. नवसाबाईने खुणेने विचारलं, इथं पाऊस? बाईने मान हलवली. नाही.

नवसाबाई घरात आली ती ठरवूनच. "अहो, आपण वाळवंटात जायचं."

"कशाला? काय पिकतं तिथं?"

"काही नाय. म्हणूनच जायचं. जिथं ढगच नाय तिथं तुम्ही बघणार काय वर? मग तरी झोपाल."

"अगं पण बाग?"

"बाग मोकळी झाली. आता छाटणीपर्यंत वेलींना विसावा देताच ना? वेलीला विसावा, आन् मला जन्मात नाय? ज्ञानू बघंल सगळं."

तात्या तयार झाले. वेलीच्या हिशोबाने बोललं की त्यांना पटायचं.

झालं, माझं घर करायला घेतलं! आत बाज टाकली. क्रेट आडवे रचून कपाट केलं. खिडक्यांना शेडनेटचे पडदे. मांडवाची तार ताणून कपडे वाळवायची सोय. आणि अंघोळीला काय, तर पाठीवरचा फवारणीचा पंप, नवा कोरा. नवसाबाई पंप मारणार, तात्या नोझलखाली उभे राहणार. भाग्यश्री हसून हसून लोळली. "मामंजी, करपा पडणार नाय आता तुमच्यावर!"

निघण्याआधी नवसाबाईने तात्यांची झडती घेतली. रेडिओ जप्त. "हवामानाचा अंदाज ऐकायचा नाय." ताडपत्र्या जप्त. "वाळवंटात झाकणार काय, उंट?" तात्यांनी मुकाट्याने सगळं दिलं. मात्र ज्ञानेशच्या हाताने त्यांनी दुसरा छोटा रेडिओ मागवला होता, तो आणि त्याच निळ्या ताडपत्र्या पहाटे माझ्या सीटखाली येऊन पडल्या. मला माहीत होतं. पण मी काय सांगणार? आणि नवरा-बायकोच्या मध्ये टेंपोने पडू नये.

सापुताऱ्याचा घाट चढून आम्ही गुजरातेत उतरलो. तात्या चालवणार, नवसाबाई शेजारी शेंगा सोलून त्यांच्या हातावर ठेवणार. एवढ्या वर्षांत ही दोघं एकमेकांशेजारी इतका वेळ बसलेली मी कधी पाहिली नव्हती. पहिल्यांदा बोलायला काही सुचेना. मग भांडायला सुचलं आणि प्रवास सुरळीत सुरू झाला.

तात्यांना वाटेत सारखी लघवीला लागायची. झुडपामागे जाऊन उभे राहायचे आणि तिथून बारीक आवाजात बातम्या ऐकू यायच्या. नवसाबाई म्हणाली, "डॉक्टरला दाखवायला पाह्यजे. लय वेळ लागतो तुम्हाला."

पहिलं वाळवंट लागलं कच्छच्या छोट्या रणात. तिथे रानगाढवांचं अभयारण्य आहे. पास काढून आत सोडतात. गाढवं दिसली, देखणी होती, पिवळसर, ऐटबाज. नवसाबाई हरखून गेली. तात्या म्हणाले, "गाढवं बघायला एवढं डिझेल जाळलं? आपल्या बाजाराच्या दिवशी कुंभाराची फुकट दिसतात."

"ती रानातली हायत. मालक नाय त्यांना."

"मंग सुखी हायत," तात्या म्हणाले आणि वर बघितलं. आभाळ कोरं होतं.

नवसाबाई खूश झाली. पण नशीब बघा. रणाच्या कडेला मीठ पिकवणारे लोक असतात. खारं पाणी वाफ्यांत सोडून उन्हात मीठ धरतात. त्यातला एक म्हातारा आगरिया आमच्याजवळ येऊन बसला. तात्यांनी आपल्या हिंदीत विचारलं, "तुमको कशाका भेव लगता?" म्हाताऱ्याने वर बोट केलं. "बरसात. एक बारिश, और सब नमक पानी."

अहो, काय सांगू! जत्रेत हरवलेला सख्खा भाऊ भेटावा तसे तात्या त्याला बिलगले. मग दोघं ढगावर जे बोलायला बसले ते उठेचनात. कुठला वारा वाईट, कुठल्या दिशेचा ढग लबाड. नवसाबाई पोळ्या भाजून थकली. "घरदार सोडून ह्या माणसाला हितं आणलं, तर हितंबी ह्याच्यासारखाच दुसरा निघाला!" तात्यांची झोप तर गेलीच, त्या म्हाताऱ्याचीही गेली असणार.

तिथून आम्ही राजस्थानात शिरलो. माझे हाल विचारू नका. वाळू नाकातोंडात, पाण्याची तहान, वर ऊन असं की टपावर पापड भाजावा. जैसलमेरच्या पुढे वाळवंटातलं उद्यान आहे. बाग-बिग काही नाही हो, नाव उद्यान. नुसता माळ, काटेरी झुडपं आणि वाळूच्या टेकड्या. तिथे माळढोक पक्षी दिसतो म्हणे. एक लांबवर दिसलाही. मान ताठ, चाल सावकाश, मधेच वर बघणारा. नवसाबाई म्हणाली, "बाई गं, तुमच्यावरच गेलाय."

आणि ढग? औषधालाही नाही. नवसाबाईने बाज बाहेर काढली, वाकळ अंथरली, तात्यांना आडवं केलं, डोक्याला तेल लावलं. "आता झोपा. बघा, काही नाय वर."

तात्या टक्क जागे.

"आता काय झालं?"

"लय मोकळं हाय गं आभाळ. इतकं मोकळं बरं नसतं. काहीतरी येणार."

नवसाबाईने तेलाची वाटी खाली ठेवली. उठली, माझ्या केबिनमध्ये येऊन बसली आणि दार लावून रडली. "ढग नाय तरी झोप नाय. आता आणखी कुठं नेऊ ह्यांना?" असं ती मलाच म्हणाली असावी, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी टेंपो, मला फक्त न्यायचं माहीत. कुठे, ते सांगता आलं असतं तर त्याच वेळी सांगितलं असतं.

परतीच्या वाटेवर एका सकाळी माझं रेडिएटर कोरडं पडलं. वाफा सोडत मी एका ढाणीशी थांबलो. ढाणी म्हणजे वाळूत एकटं असलेलं वस्तीचं घर. तिथे पूनाराम नावाचा शेळ्या राखणारा म्हातारा आणि त्याची बायको राहत होती. तात्या बादली घेऊन गेले, "पानी मिलेगा? गाडी को पिलाना है." आमच्याकडे असं विचारलं तर लोक मोटर चालू करून देतात. म्हातारीने बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि घरातून एक तांब्या भरून आणला. तेवढाच. तात्यांनी तो माझ्यात ओतला. म्हातारी शेवटच्या थेंबापर्यंत बघत उभी होती. ते पाणी मला गोड लागलं, पण घशाखाली उतरेना.

मी थंड होईपर्यंत तात्या आजूबाजूला फिरले. घरामागे एक मोठं गोल अंगण होतं, सारवल्यासारखं गुळगुळीत, एक काडी नाही. तात्या त्यावर पाय ठेवणार तोच म्हातारी ओरडली आणि त्यांच्या चपलांकडे बोट केलं. तात्यांनी कानाला हात लावला. "खळं हाय गं," ते नवसाबाईला म्हणाले. "खळ्यात चपला घालत नाय, बरोबर हाय बाईचं." मधोमध गोल ओटा होता, ओट्यावर झाकण. "आन् हे धान्याचं पेव. जमिनीखाली धान्य ठेवू राहिले. पण गवंडी अडाणी दिसतोय. सगळा उतार आतल्या बाजूला काढलाय! आन् हे बघ, ओट्याला बुडाशी भोकं! पाऊस आला तर सगळं पाणी पेवात जाईल की."

"इथं कुठला आलाय पाऊस," नवसाबाई म्हणाली.

दुपारी जेवणं चालली होती आणि पश्चिमेकडून वारा सुटला. धुळीचा होता. मग गार झाला. तात्यांनी ताटावरून मान वर केली आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला, की माझी खात्री आहे, हा माणूस त्या क्षणी घरी पोचला.

"आलं!" ते ओरडले. "म्हटलं नव्हतं मी?"

काळंकुट्ट आभाळ. वळवाचा पाऊस, अवकाळी, त्या मुलखात कधी नव्हे तो येणारा. पूनाराम आणि म्हातारी केरसुण्या घेऊन धावत सुटले ते थेट त्या गोल अंगणात. भराभरा झाडायला लागले. पाऊस येताना माणसं धावतात, हे तात्यांनी जन्मभर पाहिलेलं. ह्या अडाण्यांना आधी काय करायचं तेही कळत नाही, असं म्हणत ते माझ्या सीटखाली घुसले.

"झाडू बाद में! पहले कागद! कागद!"

नवसाबाई बघतच राहिली. "ह्या ताडपत्र्या कुठून आल्या?"

उत्तर द्यायला वेळ कुणाला होता! तात्यांचे हात असे चालले, की ज्ञानेशसारखे चार गडी मागे पडावेत. ओट्यावर ताडपत्री, तिच्यावर दुसरी, अंगणभर तिसरी, चौथी. ओट्याकडे उंच, बाहेरच्या बाजूला उतार, कडांना दगड. दोरीचं एक टोक खेजडीच्या झाडाला, दुसरं माझ्या बंपरला, गाठी सगळ्या द्राक्षमांडवाच्या, ओढाल तितक्या आवळणाऱ्या. पूनाराम हातात केरसुणी घेऊन तसाच उभा. आणि पाऊस कोसळला.

काय सुंदर काम झालं होतं! एक थेंब आत जात नव्हता. सगळं पाणी निळ्या कागदावरून घरंगळत बाहेर वाळूत चाललं होतं आणि वाळू ते गटागटा पिऊन टाकत होती. तात्या कमरेवर हात ठेवून भिजत उभे. म्हातारीने कपाळ बडवून घेतलं आणि मोठमोठ्याने रडायला लागली.

तात्यांना वाटलं, आनंदानेच रडतेय. "रडू नका माँजी," ते म्हणाले. "दाणा भिजला नाय तुमचा एक!"

हे ऐकून नवसाबाईला कुठेतरी खटकलं. काही वाचलं म्हणून बाई असं रडत नाही. सकाळचा तो एक तांब्या पाणी तिला आठवला. ती ताडपत्रीखाली रांगत शिरली, ओट्यावरचं झाकण उचललं आणि आत वाकली. मग तिचा जो आवाज आला, तो मी अजून विसरलो नाही.

"अहो! पेव नाय हे! पाणी हाय आत! ह्यांचं प्यायचं पाणी हाय! तळाला गेलंय बघा!"

तात्या जागच्या जागी थिजले. उतार आत का, भोकं का, झाडून का घ्यायचं, चपला का नाही, सगळं एकदम त्यांच्या डोक्यात पडलं. तो टांका होता. अंगणावर पडलेला पाऊस उताराने आत जायचा आणि ती दोघं म्हातारी आणि त्यांच्या शेळ्या त्यावर जगायच्या. आणि आमच्या तात्यांनी, जन्मभराची हुशारी लावून, त्यांचा पाऊस अडवला होता.

"अरे देवा रे," तात्या म्हणाले. एवढंच. मग गाठी सोडायला धावले. पण गाठी कुणाच्या? तात्यांच्याच! सुटतात होय? खिशातून घड कापायची कात्री काढून त्यांनी दोऱ्या कापल्या, पूनारामने दगड लाथेने उडवले. तात्या ताडपत्र्या ओढून फेकणार, तेवढ्यात नवसाबाईने हात धरला.

"फेकू नका! उलट्या करा! माती पाणी पिती, कागद पीत नाय. कडा वर धरा, उतार भोकाकडं करा!"

मग चौघांनी चार कडा धरल्या. निळ्या कागदावरून पाण्याचे लोट ओट्याच्या भोकांकडे धावले. आत धबधब आवाज सुरू झाला. म्हातारी रडायची थांबली आणि तिने पहिल्यांदा तात्यांकडे बघितलं. अजून रागानेच, पण बघितलं.

तात्यांचं एवढ्याने भागेना. पळत माझ्याकडे आले, स्टार्टर मारला. एका झटक्यात चालू झालो, हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्याबद्दल लोक काहीबाही बोलतात. त्यांनी मला अंगणाच्या कडेपर्यंत मागे घेतलं. टपावरची धूळ आधी वाहून जाऊ दिली आणि मग माझ्या पन्हळीखालून ओट्यापर्यंत ताडपत्रीची घडी धरून पाणी सरळ उघड्या तोंडातून आत सोडलं. चिमाजीने पाणी बाहेर हाकलायला केलेला माझा टप! त्या दिवशी त्याने एका घराला पाणी पाजलं. सकाळचा तांब्या मी फेडला. आयुष्यात एवढा माल वाहिला, पण असं भरून कधी आलं नव्हतं.

जोर कमी झाला, तरी पाऊस थांबला नाही. रिपरिप लागून राहिली. म्हातारीने शेळीच्या दुधाचा चहा टाकला आणि चूल फुंकता फुंकता काहीतरी गुणगुणायला लागली. तात्या ओलेचिंब. नवसाबाईने त्यांना माझ्यात आणून बाजेवर बसवलं, डोकं पुसलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की टपावर पाऊस वाजतोय. तोच आवाज. ताड ताड ताड. ती घाबरून तात्यांकडे बघायला लागली. आता हा माणूस उठणार, पळणार.

तात्या वर पत्र्याकडे बघत होते. "मी आजवर कधी पावसाचं असं ऐकलंच नाय गं," ते म्हणाले. "कायम त्याच्याशी भांडत राह्यलो." ओला सदरा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पडू दे."

आणि आडवे झाले. नवसाबाई काही बोलायच्या आत घोरायला लागले.

अहो, काय घोरणं ते! माझे नटबोल्ट हलत होते. बाहेर शेळ्यांनी माना वळवल्या. नवसाबाईने आधी नाकाखाली बोट धरून बघितलं, मग तोंडावर पदर दाबून हसली, मग रडली, मग परत हसली. पूनाराम चहा घेऊन आला तर तिने त्याला दारातच अडवलं.

"बीमार है क्या?" त्याने विचारलं.

"नाय हो," ती म्हणाली. एवढ्या अभिमानाने तिने टेंपो घेतल्याचंही कुणाला सांगितलं नव्हतं. "सो गया है!"

तात्या उठले ते दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर. निघताना चारही ताडपत्र्या त्यांनी पूनारामकडे ठेवल्या आणि त्या कशा अंथरायच्या ते समजावून सांगितलं. म्हातारीने या खेपेला न मागता माझ्यात पाणी ओतलं. कळशीभर.

तुम्हाला वाटेल, तात्या सुधारले. छे! घरी आल्यावर परत तेच. ढग आला की शिव्या, फवारणी, पळापळ. बाग ती बाग आहे. पण एक फरक पडला. करायचं ते सगळं करून झालं, आता आपल्या हातात काही नाही असं झालं, की तात्या माझ्यात येतात. बाज अजून आत आहे. आडवे होतात, 'पडू दे' म्हणतात आणि झोपतात. घरात नाही झोपत हो. स्लॅबच्या घरात पाऊस ऐकू येत नाही. माझ्या टपाखालीच झोपतात. डॉक्टर विचारतात, कुठली गोळी घेता? नवसाबाई म्हणते, "पत्र्याची."

माझं इंजिन मागच्या वर्षी बसलं. ज्ञानेशने नवी पिकअप आणली; गुळगुळीत आहे, गाणी म्हणते, पण अजून नाशिकच्या पुढे गेलेली नाही. आज सकाळी त्याने वाल्मीक भंगारवाल्याला बोलावलं. वाल्मीकने मला चारी बाजूंनी ठोकून बघितलं. त्या ठोकण्यात प्रेम नव्हतं. "सगळा नेतो," तो म्हणाला. "टपाचा पत्रा चांगला हाय. बाकी माती."

माझं तर पाणी पाणी झालं. कोंबडीसुद्धा उठून उभी राहिली.

तेवढ्यात नवसाबाई घरातून आली. हाताला पीठ तसंच. "ज्ञानू, चाकं दे. इंजिन दे. दिवे दे, सीट दे, काय पाह्यजे ते दे. टपाला हात लावू द्यायचा नाय."

"आई, टप ठेवून काय करू? तो काय नुसता हवेत राहील?"

"चार खांब लाव. तुझ्या बापाची झोप हाय त्याच्यात. ती भंगारात देऊ?"

ज्ञानेशने मान खाली घातली. वाल्मीक म्हणाला, "काकू, पत्र्यावरच तर माझं गणित हाय," आणि रुसून सायकलला टांग मारून गेला. उद्या परत येईन म्हणालाय. चाकं, इंजिन नेतो म्हणाला तर नेऊ दे. मी बिनचाकांचाही तात्यांना कुठे न्यायचं तिथे नेईन. तुमच्यापैकी कुणी भंगारवाल्याच्या ओळखीचं असेल तर त्याला एवढं सांगा, की काकूंच्या वाटेला जाऊ नको.

बरं, आता मला थांबायला हवं. मघापासून पश्चिमेला काळं झालंय. तात्या आभाळाला शिव्या देत बागेतून आलेत, पाय झटकून आत चढलेत, बाजेवर टेकलेत. नवसाबाई दाराशी तांदूळ निवडत बसलीय. टपावर पहिला थेंब पडला. दुसरा. कोंबडी, तूही गप.

"पडू दे," म्हणाले.

हळू बोला आता. तात्या झोपलेत.